सात सीट आहेत, पण डिकी कुठंय? कुटुंबासाठी गाडी घेताना सामानाचा हिशेब

चतुर्थीच्या आदल्या पहाटेचं दृश्य बेळगावातल्या शहापूर, टिळकवाडीच्या गल्ल्यांना नवं नाही. दारात सात सीटची नवी कोरी गाडी उभी असते. आजी-आजोबा, आई-बाबा, दोन मुलं आणि काकू असे सातजण गोव्याकडे किंवा सावंतवाडीकडच्या मूळ गावी निघालेले असतात. सगळे बसतात आणि मग लक्षात येतं की मागची रांग उघडल्यावर डिकीत दोन लहान बॅगांपलीकडे काही मावत नाही. मग एक बॅग आजीच्या पायाशी, एक मुलांच्या मांडीवर, फराळाचा डबा काकूंच्या हातात. चोर्ला घाटाच्या वळणांवर हे सगळं सामान इकडून तिकडं सरकत राहतं.

गाडी घेताना चर्चा होते ती ॲव्हरेजची, रंगाची, टचस्क्रीनची आणि हप्त्याची. सामानाचा विषय शोरूममध्ये फारसा निघत नाही, कारण तिथली गाडी रिकामी असते. पण महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची गरज थोडी वेगळी असते. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, हैदराबाद किंवा बेळगाव इथून नातेवाइकांकडे जायचं म्हणजे लांबचा पल्ला, चार-आठ दिवसांचा मुक्काम आणि येताना पुन्हा भरलेली गाडी. जाताना कुंदा नाहीतर शेव-नमकीन, येताना तांदूळ, गूळ, कोकम, आंब्याच्या पेट्या. त्यामुळे गाडी निवडताना माणसांइतकाच सामानाचाही हिशेब आधी मांडलेला बरा.

आधी घरातलं सामान मोजा

डिकीचं माप लिटरमध्ये सांगतात. बॅगांची मापंही लिटरमध्ये धरली की तुलना सोपी होते. विमानात हातात नेतात ती लहान चाकाची बॅग साधारण ३५ ते ४० लिटरची असते. मध्यम सुटकेस ६५ ते ७५ लिटर आणि मोठी सुटकेस ९५ ते ११० लिटरच्या घरात जाते. बॅगेच्या आत लेबल नसेल तर लांबी, रुंदी आणि जाडी सेंटिमीटरमध्ये मोजून तिन्हींचा गुणाकार करावा आणि त्याला १००० ने भागावं. येणारा आकडा म्हणजे लिटर.

सहा जणांच्या कुटुंबाचा पाच दिवसांचा हिशेब असा होतो: दोन मध्यम सुटकेस म्हणजे १४० लिटर, दोन लहान बॅगा ७५ लिटर, पूजेचं आणि फराळाचं सामान ४० लिटर, पाण्याचे कॅन आणि किरकोळ पिशव्या ३० लिटर. एकूण २८५ लिटर. यात आजोबांचा वॉकर, बाळाची ढकलगाडी, भजनाची पेटी किंवा क्रिकेटचं किट धरलेलं नाही. परतीच्या वाटेवर २५ किलोचं तांदळाचं पोतं वाढतं ते वेगळंच.

हा आकडा कागदावर लिहून मगच शोरूममध्ये जावं. घरात रोज किंवा महिन्यातून अनेकदा न्यावी लागणारी एखादी अवघड वस्तू असेल, म्हणजे व्हीलचेअर, तबला-डग्गा, सायकल किंवा दुकानाचा माल, तर तिची लांबी-रुंदीही सोबत लिहावी.

जाहिरातीतला लिटर आणि खरा लिटर

कंपन्या डिकीचं माप देताना बहुधा २० सेंटिमीटर लांब, १० सेंटिमीटर रुंद आणि ५ सेंटिमीटर जाड अशा ठोकळ्यांचा आधार घेतात. असा एक ठोकळा बरोबर एक लिटरचा. डिकीत असे किती ठोकळे बसतात, तेवढे लिटर. अडचण अशी की ठोकळा कोपऱ्यात, चाकाच्या उंचवट्याशेजारी, कुठंही बसतो; टणक सुटकेस बसत नाही. म्हणून ४०० लिटरच्या डिकीत १०० लिटरच्या चार सुटकेस जातीलच असं नाही. बहुतेक वेळा तीन जातात आणि उरलेल्या फटींत मऊ पिशव्या घालाव्या लागतात.

दुसरी गोष्ट, माप कुठपर्यंत घेतलं आहे. काही आकडे मागच्या काचेखालच्या झाकणापर्यंतचे असतात, काही छतापर्यंतचे. छतापर्यंतचा आकडा मोठा दिसतो, पण तेवढं सामान भरलं तर मागचं काही दिसत नाही आणि जोरात ब्रेक लागला की वरची बॅग पुढच्या माणसाच्या डोक्यावर येते. विचारायचा प्रश्न साधा आहे: "हा आकडा झाकणापर्यंतचा की छतापर्यंतचा?"

तिसरी गोष्ट तोंडाची. सेडानची डिकी आतून खोल असते, पण तिचं तोंड अरुंद. घडी केलेली व्हीलचेअर किंवा मोठी पेटी आत मावेल एवढी जागा असूनही दारातून जात नाही. हॅचबॅक, एसयूव्ही आणि एमपीव्ही यांचं मागचं दार छतापर्यंत उघडतं, त्यामुळे उंच वस्तू सहज जाते.

कोणत्या गाडीत किती जागा

खालचे आकडे कंपन्यांनी जाहीर केलेले आहेत. मॉडेल बदललं की त्यात थोडाफार फरक पडतो, म्हणून घेण्याच्या वेळी तपासून घ्यावेत.

*हॅचबॅक:* मारुती स्विफ्टची डिकी २६५ लिटर, बलेनो ३१८, वॅगनआर ३४१, टाटा अल्ट्रोज ३४५ लिटर. वॅगनआर स्विफ्टपेक्षा लहान वाटली तरी उंच बांधणीमुळे सामानाला ती पुढे आहे.

*चार मीटरच्या आतली सेडान:* नवी डिझायर ३८२ लिटर, ह्युंदाई ऑरा ४०२, होंडा अमेझ ४१६, टाटा टिगोर ४१९ लिटर. चार माणसं आणि त्यांचं भरपूर सामान, एवढीच गरज असेल तर कमी पैशांत सर्वांत जास्त डिकी इथं मिळते. टॅक्सीवाले या गाड्यांना पसंती देतात त्याचं एक कारण हेच.

*लहान एसयूव्ही:* मारुती ब्रेझा ३२८ लिटर, टाटा पंच ३६६, नेक्सॉन ३८२ लिटर. बाहेरून भारदस्त दिसणाऱ्या ब्रेझापेक्षा डिझायरची डिकी मोठी आहे, हे अनेकांना गाडी घेतल्यावर कळतं.

*मध्यम एसयूव्ही:* ह्युंदाई क्रेटा ४३३ लिटर, होंडा एलिव्हेट ४५८ लिटर. पाच जणांच्या कुटुंबाला लांबच्या प्रवासासाठी ही जागा पुरते.

*मोठी सेडान:* होंडा सिटी ५०६ लिटर, स्कोडा स्लाव्हिया आणि फोक्सवॅगन व्हर्टस ५२१, ह्युंदाई वर्ना ५२८ लिटर. जागा भरपूर, पण गाडी जमिनीला जवळ. गावाकडच्या पाणंदीत, उंच स्पीडब्रेकरवर पूर्ण भरलेली सेडान खाली घासते.

*सात सीटर:* रेनॉ ट्रायबरमध्ये सातही सीट वापरात असताना फक्त ८४ लिटर उरतात. तिसरी रांग काढून घरी ठेवली तर ६२५ लिटर. मारुती अर्टिगात तिसऱ्या रांगेमागे २०९ लिटर, ती पाडली तर ५५० लिटर. किया कॅरेन्समध्ये तिसऱ्या रांगेमागे २१६ लिटर. टोयोटा इनोव्हा क्रिस्टा आणि हायक्रॉसमध्ये तिसऱ्या रांगेमागे ३०० लिटर. हायक्रॉसची तिसरी रांग पाडली तर ९९१ लिटर.

वरचा २८५ लिटरचा हिशेब या आकड्यांशेजारी ठेवला की चित्र स्पष्ट होतं. सात जण आणि सगळ्यांचं सामान एकाच वेळी नेणं बाजारातल्या बहुतेक सात सीटर गाड्यांना जमत नाही. इनोव्हासारख्या मोठ्या गाडीतही ते जेमतेमच जमतं.

सात सीटर ही खरी सहा जणांची गाडी

अर्टिगा, कॅरेन्स, इनोव्हा यांची तिसरी रांग मधोमध विभागलेली असते. म्हणजे तिचा अर्धा भाग पाडता येतो आणि अर्ध्या भागावर एक माणूस बसू शकतो. पुढे दोन, मध्ये तीन, मागे एक असे सहा जण आणि उरलेल्या अर्ध्या भागात सामान. अर्टिगात अशा रचनेत साडेतीनशे लिटरच्या आसपास जागा मिळते. सहा जणांच्या कुटुंबाचा २८५ लिटरचा हिशेब त्यात बसतो. सातवा माणूस आला की मात्र गणित मोडतं.

मागच्या रांगेत कोण बसणार, हे घरी आधीच ठरवावं. उत्तर बहुधा "मुलं बसतील" असं येतं. पण मुलं वाढतात. आज आठ वर्षांचा मुलगा गाडीचे हप्ते फिटेपर्यंत चौदा-पंधरा वर्षांचा होतो आणि त्याचे गुडघे पुढच्या सीटला टेकायला लागतात. त्यामुळे टेस्ट ड्राइव्हला घरातल्या सर्वांत उंच माणसाला वीस मिनिटं मागच्या रांगेत बसवावं आणि खड्ड्याचा रस्ता निवडावा. पाय, डोकं, एसीचा वारा, मळमळ, सगळं त्या वीस मिनिटांत कळतं.

वयस्कर माणसांनी मागच्या रांगेत चढण्याची अपेक्षा ठेवू नये. मधली सीट पाडून, वाकून आत जावं लागतं. गुडघेदुखी असलेल्याला ते झेपत नाही. मधल्या रांगेत दोन स्वतंत्र खुर्च्या असलेली गाडी घेतली तर मधून वाट मिळते, पण एक सीट कमी होते. बाळाची सीट मधल्या रांगेत बसवली असेल तर तिच्यामागची वाट बंद होते, हेही लक्षात घ्यावं.

सुरक्षेचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. तिसऱ्या रांगेत बसणाऱ्याचं डोकं मागच्या काचेपासून फार लांब नसतं. मागून धडक बसली तर मधे असते ती फक्त डिकीची जागा. म्हणून तिथं खांद्यावरून येणारा तीन बिंदूंचा बेल्ट आणि वर-खाली होणारा हेडरेस्ट आहे का, हे पाहिल्याशिवाय गाडी घेऊ नये. मागे समोरासमोर आडवे बाक असलेल्या गाड्यांत माणसं जास्त बसतात, पण अशा बाकावर बसलेल्याला धडकेत तसं संरक्षण मिळत नाही. लहान मुलांना तिथं बसवणं टाळावं.

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी बेल्ट लावला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं होतं. कायद्यानं मागच्या प्रवाशांनाही बेल्ट बंधनकारक आहे आणि न लावल्यास १००० रुपये दंड आहे. चौदा वर्षांखालच्या मुलांना बेल्ट किंवा बालआसनाशिवाय नेलं तरी तेवढाच दंड होतो. भारत एनसीएपी ही गाड्यांच्या धडक चाचणीची सरकारी योजना १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू आहे. तिच्यात मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी वेगवेगळे तारे दिले जातात. घरात मुलं असतील तर दुसरा आकडा आवर्जून पाहावा.

सीएनजी घेताना सिलिंडर कुठं आहे ते बघा

गुजरातमध्ये सीएनजी पंपांचं जाळं जुनं आणि दाट आहे. बडोद्यातल्या कुटुंबाला सीएनजी गाडी परवडते यात शंका नाही. इतर शहरांतही पंप वाढत आहेत. पण सिलिंडर डिकीत बसतो आणि जागा खातो.

टाटानं एका मोठ्या सिलिंडरऐवजी दोन लहान सिलिंडर डिकीच्या तळाशी बसवायची पद्धत आणली. तरीही पंचची डिकी ३६६ वरून २१० लिटरवर येते आणि अल्ट्रोजची ३४५ वरून २१० वर. नेक्सॉन सीएनजीत ३२१ लिटर उरतात. एकच मोठा सिलिंडर असलेल्या गाड्यांमध्ये डिकीत सुटकेस आडवी ठेवायची सोयच राहत नाही. सिलिंडरच्या वर आणि बाजूला मऊ पिशव्या तेवढ्या बसतात. अर्टिगा सीएनजी घेतली तर सातही सीट मिळतात, पण सामानाची मागची जागा सिलिंडरला जाते. काही हायब्रिड गाड्यांतही बॅटरी डिकीखाली असते आणि त्याच मॉडेलच्या साध्या पेट्रोल गाडीपेक्षा जागा कमी मिळते.

त्यामुळे पेट्रोल गाडीची डिकी बघून सीएनजी गाडी बुक करू नये. जे मॉडेल घ्यायचं, त्याचीच डिकी उघडून बघावी. स्टेपनी कुठं ठेवली आहे हेही पाहावं. सगळं सामान उतरवल्याशिवाय स्टेपनी निघत नसेल तर अनमोड किंवा आंबोली घाटात, पावसात, रात्री काय होईल याचा विचार करावा.

जागा आहे म्हणून वजन टाकू नये

डिकी रिकामी आहे म्हणजे गाडी तेवढं वजन पेलते असं नाही. प्रत्येक गाडीचं स्वतःचं वजन आणि तिला चालणारं जास्तीत जास्त एकूण वजन ठरलेलं असतं. या दोहोंतला फरक म्हणजे माणसं आणि सामान मिळून चालणारं वजन. बहुतेक सात सीटर गाड्यांत तो साधारण ५०० ते ६०० किलोच्या घरात असतो.

६५ किलोच्या सरासरीनं सात मोठी माणसं म्हणजे ४५५ किलो. त्यावर १०० किलो सामान म्हणजे ५५५. मर्यादा इथंच गाठली जाते. परतताना तांदळाची दोन पोती आणि चार आंब्याच्या पेट्या टाकल्या की गाडी मर्यादेबाहेर जाते. तिचा मागचा भाग बसतो, हेडलाइटचा झोत वर जातो, समोरच्याचे डोळे दिपतात, ब्रेक उशिरा लागतात आणि टायर तापतात.

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर टायरमधल्या हवेचा तक्ता चिकटवलेला असतो. त्यात कमी माणसांसाठी एक आणि पूर्ण भरलेल्या गाडीसाठी एक असे दोन आकडे असतात. लांबच्या प्रवासाआधी दुसऱ्या आकड्याप्रमाणे हवा भरावी. घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी. भरलेली गाडी फक्त ब्रेकवर उतरवली तर ब्रेक तापून निकामी होण्याचा धोका असतो. तिलारीसारख्या तीव्र उताराच्या घाटात तर हे पाळलंच पाहिजे.

इंजिनाचाही विचार करावा. लहान इंजिनाची सात सीटर गाडी शहरात छान चालते, पण सात जण, सामान आणि चालू एसी घेऊन घाट चढताना तिला दम लागतो. टेस्ट ड्राइव्हला एकट्यानं न जाता घरातले पाच-सहा जण घेऊन जावं आणि चढाचा रस्ता निवडावा.

सामान कसं ठेवावं, कॅरियर लावावा का

जड सामान सर्वांत खाली आणि सीटच्या पाठीला चिकटवून ठेवावं. हलकं आणि मऊ वर. सीटच्या पाठीच्या उंचीवर काही जाऊ देऊ नये. जायचंच असेल तर जाळी किंवा पट्ट्यांनी बांधावं. ताशी ५० किलोमीटर वेगातली गाडी धडकेत सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली तर १० किलोची सुटी बॅग सुमारे १४० किलोच्या जोरानं पुढं येते. मागच्या काचेखालच्या फळीवर ठेवलेला स्टीलचा डबा किंवा मूर्तीचा पाट यालाही हाच नियम लागू होतो.

छतावरचा कॅरियर लावण्याआधी गाडीचं माहितीपुस्तक वाचावं. छतावर किती वजन चालतं ते त्यात दिलेलं असतं. ट्रायबरच्या रेलवर ५० किलोपर्यंत चालतं. अनेक गाड्यांच्या छतावरच्या चंदेरी पट्ट्या मात्र निव्वळ शोभेच्या असतात, त्यांना दोरी बांधून सामान अडकवू नये. छतावर वजन गेलं की वळणावर गाडी जास्त कलते, ॲव्हरेज कमी होतं आणि पावसात सामान भिजतं. वर ठेवायचंच असेल तर गाद्या, कपड्यांच्या पिशव्या असं हलकं ठेवावं. छतावरचं वजनही एकूण मर्यादेतच धरायचं असतं.

चार मीटरची रेघ आणि कराचा हिशेब

बाजारात ३,९९५ मिलिमीटर लांबीच्या एवढ्या गाड्या का, याचं उत्तर करात आहे. लांबी ४,००० मिलिमीटरपर्यंत आणि पेट्रोल किंवा सीएनजी इंजिन १,२०० सीसीपर्यंत, किंवा डिझेल इंजिन १,५०० सीसीपर्यंत असेल तर ती गाडी लहान गटात मोडते. २२ सप्टेंबर २०२५ पासून या गटाला १८ टक्के जीएसटी आहे. यापेक्षा मोठ्या गाड्यांना ४० टक्के. दोन्हींवरचा उपकर गेला. ट्रायबर पहिल्या गटात येते. अर्टिगा, कॅरेन्स, इनोव्हा दुसऱ्या गटात. ट्रायबरची किंमत कमी आणि डिकी ८४ लिटर, यामागे ही चार मीटरची रेघही आहे.

लांबीचा दुसरा हिशेब घरासमोरचा. अर्टिगा सुमारे ४.४ मीटर, कॅरेन्स ४.५४ मीटर आणि इनोव्हा क्रिस्टा ४.७ मीटरहून लांब आहे. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, इंदूरच्या राजवाड्यामागे किंवा बडोद्याच्या दांडिया बाजारात राहणाऱ्यांनी आधी दारापुढची जागा टेपनं मोजावी. गाडीच्या लांबीत एक मीटर मिळवावा, नाहीतर डिकीचं दार उघडून सामान काढायला जागा उरत नाही.

पासिंग कुठल्या राज्याचं?

सीमाभागात हा प्रश्न हमखास निघतो. रस्ता कर राज्याराज्यांत वेगळा असल्यानं शेजारच्या राज्यातल्या नातेवाइकाच्या पत्त्यावर पासिंग करून घ्यायचा सल्ला मिळतो. मोटार वाहन कायदा याबाबत स्पष्ट आहे: मालक जिथं राहतो किंवा व्यवसाय करतो आणि गाडी नेहमी जिथं असते, तिथंच नोंदणी करायची. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची असेल तर तिथला नवा नंबर घ्यावा लागतो, त्यासाठी मूळ आरटीओची ना-हरकत लागते. बेळगावात रोज फिरणारी गाडी एमएच-०९ वर घेतली तर आज वाचलेले पैसे उद्या कर आणि दंडात जाऊ शकतात. पत्ता खोटा निघाला तर विम्याच्या दाव्यातही प्रश्न उभे राहतात.

नोकरीनिमित्त राज्य बदलणाऱ्यांसाठी बीएच मालिका आहे. ती सप्टेंबर २०२१ पासून मिळते. केंद्र व राज्य सरकारी कर्मचारी, संरक्षण दल, सार्वजनिक उपक्रम आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांचे कर्मचारी तिला पात्र आहेत. कर दोन वर्षांच्या किंवा त्याच्या पटीतल्या हप्त्यानं भरता येतो. त्याचे दर गाडीची किंमत १० लाखांच्या आत असेल तर ८ टक्के, १० ते २० लाखांत १० टक्के आणि त्यावर १२ टक्के. डिझेलला दोन टक्के जास्त, विजेवरच्या गाडीला दोन टक्के कमी. हैदराबाद किंवा पुण्यात बदलीची नोकरी असलेल्यांनी हा पर्याय विचारात घ्यावा.

वर्षातून दोनदाच सात जण असतील तर

अनेक घरांत रोजचे प्रवासी चार असतात आणि सात जण फक्त चतुर्थी, दिवाळी किंवा लग्नाला जमतात. अशा वेळी दोन दिवसांसाठी वर्षभर मोठी गाडी सांभाळायची का, हा प्रश्न पैशांत मांडून पाहावा. पाच सीटर आणि सात सीटर गाडीत तीन लाखांचा फरक असेल आणि तेवढं कर्ज नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं, तर महिन्याचा हप्ता सुमारे ६,२०० रुपयांनी वाढतो. वर्षाला ७५,००० रुपये. एवढ्या पैशांत वर्षातून दोन-तीनदा ड्रायव्हरसह मोठी गाडी भाड्यानं नेता येते.

भाड्याची गाडी पिवळ्या पाटीचीच घ्यावी. स्वतः चालवायची असेल तर भाड्याच्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. ओळखीच्या माणसाची पांढऱ्या पाटीची गाडी पैसे देऊन नेली आणि अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. राज्याची हद्द ओलांडायची असेल तर गाडीला अखिल भारतीय पर्यटक परवाना आहे का, हे ठरवतानाच विचारावं. नाहीतर तपासणी नाक्यावर खोळंबा होतो.

शोरूमला जाताना एवढं करा

- घरातल्या मोठ्या दोन बॅगा आणि ती एक अवघड वस्तू सोबत न्या. डिकीत प्रत्यक्ष ठेवून बघा.
- मागची रांग उघडी ठेवून डिकीचं दार बंद करा. बॅगा आतच राहतात का ते पाहा.
- डिकीचा उंबरठा किती उंच आहे ते बघा. तांदळाचं पोतं तिथवर उचलायचं आहे.
- सीट पाडल्यावर तळ सपाट होतो का, हे हात फिरवून पाहा.
- स्टेपनी आणि जॅक काढून दाखवायला सांगा.
- प्रत्येक सीटचा बेल्ट ओढून लावून बघा, मधल्याचाही.
- गाडीचं स्वतःचं वजन आणि एकूण चालणारं वजन लेखी मागा.
- आजी-आजोबांना घेऊन जा. ते दोनदा चढून-उतरून बघतील, तेव्हाच निर्णय घ्या.

सेल्समनला थोडा त्रास होईल, पण लाखो रुपये आणि पुढची सात-आठ वर्षं या गाडीत जाणार आहेत. चार जणांच्या घराला चांगल्या डिकीची सेडान पुरते. पाच जणांना मध्यम एसयूव्ही किंवा मागची रांग पाडलेली अर्टिगा सोयीची पडते. नेहमी सहा जण असतील तर तिसरी रांग अर्धी पडणारी सात सीटर घ्यावी. आणि खरोखर दर महिन्याला सात जण सामानासह लांब जात असतील, तर इनोव्हाच्या आकाराच्या गाडीखाली जाऊ नये. एवढा हिशेब आधी झाला, तर पुढच्या चतुर्थीला आजीच्या पायाशी बॅग ठेवायची वेळ येणार नाही.